टायरची बखर

मी पुण्यातल्या एका शाळेत एकतीस वर्षे इतिहास शिकवला. आता एकतीस वर्षे इतिहास शिकवलेल्या माणसाला मोटारीतले काय कळणार, असे तुम्ही म्हणाल, आणि ते अगदी खरे आहे. मोटारीविषयीचे माझे ज्ञान दोन वाक्यांत संपते. एक, तिला चार चाके असतात. दोन, त्यातले एक चाक नेहमी अशाच जागी पंक्चर होते, जिथून पंक्चरवाला किमान सात किलोमीटर लांब असतो.

निवृत्तीनंतर, २०१५ साली, फंडाच्या पैशातून मी एक छोटी गाडी घेतली. घेतली आणि जपली. जपली म्हणजे किती? दसऱ्याला तिची पूजा होई, बॉनेटवर झेंडूचा हार चढे, आणि पुष्कळदा तो हार सुकून गळेपर्यंत गाडी जागची हलत नसे. नऊ वर्षांत तिने चोवीस हजार किलोमीटर केले. शेजारचे इंजिनिअर म्हणायचे, ‘‘अहो मास्तर, एवढं तर आमचा मुलगा दीड वर्षात फिरतो!’’ त्यावर मी त्यांना खाली वाकवून टायर दाखवीत असे. ‘‘नक्षी बघा! कशी कोरी करकरीत आहे!’’ घरातल्या बायका पैठणीचा पदर उलगडून दाखवतात, तसा मी टायर दाखवायचो. इंजिनिअर ‘‘वा!’’ म्हणायचे आणि कंबर धरून सरळ व्हायचे.

या नक्षीचा गर्व २०२४ च्या जुलै महिन्यात पसरणीच्या घाटात उतरला.

पाचगणीहून वाईकडे येत होतो. मी, आमची ही, आणि मागच्या सीटवर आठ वर्षांची नात. पाऊस धो धो म्हणावा असाही नव्हता, चांगला घरंदाज पाऊस होता. वेग चाळीस. एका वळणावर मी ब्रेकवर पाय ठेवला मात्र, गाडीचा मागचा भाग पुढच्या भागाला ओलांडून पुढे जायला निघाला. स्टिअरिंग मी एकीकडे फिरवले, गाडी दुसरीकडे फिरली, आणि एक सुबक अर्धी गिरकी घेऊन कठड्यापासून हातभर अंतरावर उभी राहिली. तोंड पुन्हा पाचगणीकडे. वायपर मात्र काहीच न घडल्यासारखे आपले काम करीत होते. मागून नातीने विचारले, ‘‘आजोबा, आपलं काही विसरलं का वरती?’’

मी उत्तर दिले नाही, कारण माझी जीभ टाळ्याला चिकटली होती. मिनिटभराने वरून एक ट्रक आला, हॉर्न वाजवत, आमच्याकडे विचित्र नजरेने बघत, शेजारून निघून गेला. एक मिनिट. इतिहासाच्या पुस्तकात आम्ही शतकांच्या हिशोबाने बोलतो, दहा-वीस वर्षे इकडेतिकडे झाली तरी हरकत नसते. त्या दिवशी मला एका मिनिटाची लांबी कळली.

वाईपासून पुण्यापर्यंत ही एक अक्षर बोलली नाही. आमच्या बेचाळीस वर्षांच्या संसारातले ते सर्वांत दीर्घ मौन. घरी आल्यावर ‘‘रस्ता निसरडा होता’’ असे मी मोघम सांगितले. पण घरात लहान मूल असताना इतिहास दडपता येत नाही. नातीने सर्व हकीकत, गिरकी हाताने करून दाखवून, आईबापांपुढे सादर केली. सूनबाई काही म्हणाल्या नाहीत. पुढल्या रविवारी देवदर्शनाला निघायच्या वेळी मात्र मुलगा म्हणाला, ‘‘बाबा, तुम्ही दोघं गाडीनं या, आम्ही रिक्षा करतो.’’ आणि नातीने खुलासा केला, ‘‘आई म्हणाली, आजोबांच्या गाडीत नाही बसायचं.’’

तेव्हा मी टायर बदलायचे ठरवले. नक्षी कोरी असूनही.

टायरच्या दुकानात शिरलो की काळ्या रंगाला किती छटा असतात ते कळते. दुकानदाराने माझ्याकडे, मग माझ्या गाडीकडे पाहिले आणि दोघांची किंमत मनातल्या मनात करून एक टायर गडगडत पुढे आणला.

‘‘साहेब, हा घ्या डोळे झाकून. कंपनीनंच वर नंबर घातलाय. चारशेवीस.’’

मला वाटले, ऐकण्यात चूक झाली. वाकून पाहिले. टायरच्या कडेवर इंग्रजीत खरोखरच लिहिले होते: ट्रेडवेअर ४२०, ट्रॅक्शन ए, टेंपरेचर ए. भारतीय दंडसंहितेतले फसवणुकीचे हे कलम २०२४ च्या जुलैपासून न्याय संहितेत ३१८ झाले ते मला ठाऊक होते. पण चारशेवीस तो चारशेवीसच! आपल्या मालावर स्वतःच असा शिक्का मारणारा व्यापारी इतिहासात मला दुसरा आढळला नव्हता.

‘‘म्हणजे काय हो याचा अर्थ?’’

‘‘जास्त नंबर म्हणजे जास्त चांगला, साहेब.’’

‘‘पण हा नंबर दिला कोणी?’’

दुकानदार गडबडला. टायरच्या दुकानात हा प्रश्न कोणी विचारत नसावे. पण इतिहासाच्या माणसाला हा एकच प्रश्न येतो. कागद हाती आला की आम्ही विचारतो: लिहिला कोणी, लिहिला केव्हा, आणि लिहिण्यात लिहिणाऱ्याचा फायदा काय? सरदाराच्या पदरच्या बखरकाराने सरदाराला शूर म्हटले, तर आम्ही तेवढ्यावर विश्वास ठेवत नाही. मग टायरवर का ठेवावा? ‘‘विचार करून येतो,’’ म्हणून मी घरी आलो आणि टायरच्या मागे लागलो. शिवकाल सोडून मी एवढा अभ्यास प्रथमच केला.

टायरचा इतिहास हा अभागी माणसांचा इतिहास आहे. सुरुवात चार्ल्स गुडइयरपासून. त्याच्या आधीचे रबर उन्हाळ्यात पाघळे आणि हिवाळ्यात तडके, म्हणजे ते फक्त वसंत ऋतूत वापरण्याजोगे होते. या अमेरिकन गृहस्थाने रबरापायी घरदार गहाण टाकले, कर्जासाठी तुरुंग पाहिला, आणि १८३९ साली गंधक मिसळलेले रबर तापवले की ते चिवट होते हा शोध लावला. १८६० साली तो वारला तेव्हा डोक्यावर दोन लाख डॉलरच्या घरात कर्ज होते. त्याचे नाव लावणारी टायर कंपनी निघाली १८९८ साली, आणि तिचा त्याच्या कुटुंबाशी काडीचा संबंध नव्हता. आपल्याकडे कवीचे नाव मेल्यावर चौकाला देतात, त्यातलाच प्रकार.

दुसरा अभागी रॉबर्ट थॉमसन. या स्कॉटिश तरुणाने १८४५ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले. आत रबर लावलेल्या कापडाची नळी, वर चामड्याचे कवच. घोडागाडीला लावून बाराशे मैल चालवूनही दाखवले. पण तेव्हा मोटार नव्हती, आजच्यासारखी सायकलही नव्हती. नवरदेव मुंडावळ्या बांधून बोहल्यावर उभा आणि वधूचा अजून जन्मच व्हायचा! लोक टायर विसरले.

इतके विसरले की १८८८ साली बेलफास्टमधल्या जॉन बॉइड डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टराने तो पुन्हा शोधला. मुलाची तीनचाकी सायकल दगडी रस्त्यावर फार हादरायची, म्हणून हा बाप खटपट करू लागला. जगातल्या पुष्कळ शोधांच्या मुळाशी पोराची कटकट असते. त्याने एका लाकडी चकतीला हवा भरलेली रबरी नळी बसवली आणि तपासणी केली ती अशी: भरीव रबराचे जुने चाक अंगणात गडगडवले, ते वाटेत कलंडले. मग हवेचे चाक तेवढ्याच जोराने गडगडवले, ते अंगण पार करून फाटकावर आदळले. झाली परीक्षा! जगातली ही पहिली टायर-परीक्षा म्हणायला हरकत नाही. ती परीक्षकाच्याच अंगणात आणि परीक्षकाच्याच टायरवर झाली, हे लक्षात ठेवा. पुढे हा मुद्दा पुन्हा येणार आहे. पेटंट मिळाल्यावर दोनच वर्षांत डनलॉपला कळवण्यात आले की हा शोध थॉमसनने आधीच लावलेला असल्यामुळे तुमचे पेटंट रद्द.

फ्रान्समध्ये मिशलँ बंधूंनी १८९१ साली सायकलचा सहज काढता-घालता येणारा टायर केला आणि १८९५ साली पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत हवेच्या टायरांवर मोटार चालवून दाखवली. जिंकले नाहीत, वाटभर पंक्चर काढण्यातच त्यांची दमछाक झाली. पण डोके व्यापाऱ्याचे. लोक जास्त हिंडले तर टायर जास्त झिजतील, या उदात्त हेतूने त्यांनी १९०० साली मोटारवाल्यांसाठी एक फुकट मार्गदर्शिका काढली. तिच्यात गॅरेजे कुठे, मुक्काम कुठे करावा, जेवायला कुठे थांबावे. १९२६ पासून ते खाणावळींना तारे देऊ लागले. आज जगातले बल्लवाचार्य या ताऱ्यासाठी जिवाचे रान करतात. रबर विकणारा माणूस रश्श्याला मार्क देतो आणि लोक मानतात. मात्र रबराला मार्क कोणी द्यायचे, हा प्रश्न तसाच राहिला.

या मिशलँच्या जाहिरातीतला तो गुबगुबीत टायरांचा माणूस १८९८ सालचा. तो पांढरा का, याचे मला लहानपणापासून कोडे होते. कारण साधे आहे: तेव्हा टायर पांढरट, फिक्या रंगाचेच असत. पुढे १९१० च्या सुमारास रबरात काजळी मिसळू लागले, आणि लक्षात आले की काजळीने रबर कितीतरी पटीने चिवट होते. आपल्या आज्या पोरांना दृष्ट लागू नये म्हणून काजळाची तीट लावत. टायरवाल्यांनी सबंध टायरच तीटेत बुडवला.

आणि आपली ‘स्टेपनी’! हा शब्द मी जन्मभर वापरला, मोटारीच्या डिकीत आणि इतरांच्या खाजगी आयुष्यावर टीका करताना. पण तो आला कुठून? वेल्समध्ये लनेथली नावाच्या गावात एक स्टेपनी स्ट्रीट आहे. तिथे १९०४ साली डेव्हिस नावाच्या माणसाने जादा चाक काढले. त्याआधी मोटारीला जादा चाक नसे. पंक्चर झाले की रस्त्यातच बसायचे. गल्लीचे नाव चाकाला पडले, आणि वेल्समधल्या त्या गल्लीचे नाव आज साताऱ्याचा पंक्चरवाला घेतो.

आपल्याकडे टायरचा पहिला कारखाना १९३६ साली हुगळीकाठी साहागंजला डनलॉपने काढला. मद्रासेत १९४६ साली एका तरुणाने रबरी फुगे करायचा उद्योग सुरू केला, १९५२ साली तो जुन्या टायरवर चढवायचे रबर करू लागला, आणि पुढे त्याचा एमआरएफ झाला. जुन्या टायरवर रबर चढवणे म्हणजे रिसोलिंग. माझ्या लहानपणी काकांच्या फियाटचे टायर असे दोनदोनदा रिसोल झालेले होते. चप्पल, टायर आणि परीक्षेला बसलेला पुतण्या या तिन्हींना पुन्हा एकदा संधी द्यावी, हे काकांचे तत्त्व. निवडीचा प्रश्नच नव्हता. जो मिळेल तो टायर, आणि मिळाला की पेढे.

तर मूळ प्रश्न: चारशेवीस हा आकडा दिला कोणी?

उत्तरासाठी अमेरिकेत जावे लागते. १९६६ साली अमेरिकन काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, मोटार-सुरक्षिततेचा कायदा केला. त्यात एक कलम असे की सरकारने दोन वर्षांत टायरांच्या प्रतवारीची एकसारखी पद्धत आणावी. म्हणजे गिऱ्हाईक दुकानदाराच्या तोंडाकडे न बघता टायरकडे बघून टायर घेईल. दोन वर्षे! कंपन्या म्हणाल्या, जमणार नाही. मग कोर्टकचेऱ्या. शेवटी पद्धत अमलात आली १९७९-८० साली. सरकारी दोन वर्षांना तेरा वर्षे लागणे ही केवळ आपली परंपरा नाही, हे वाचून मला बरे वाटले.

पद्धत अशी. टेक्सासमध्ये सॅन अँजेलो नावाचे गाव आहे. त्याच्या आसपास साध्या वाहत्या रस्त्यांची चारशे मैलांची एक फेरी आखलेली आहे. तीनचार मोटारींचा तांडा या फेरीवर हिंडतो. एका मोटारीला सरकारी प्रमाण टायर, बाकीच्यांना परीक्षार्थी टायर. मध्ये मध्ये थांबून नक्षीची खोली मोजायची, असे ७,२०० मैल. मग झिजेच्या गतीवरून टायर एकूण किती टिकेल याचे त्रैराशिक मांडायचे. प्रमाण टायरला शंभर मार्क धरले तर दुप्पट टिकणाऱ्याला दोनशे. म्हणजे चारशेवीस हे शंभरपैकी नव्हेत, शंभराच्या तुलनेत. प्रमाणाच्या सव्वाचार पट टिकेल, तेही टेक्सासच्या त्या फेरीवर! तिथे ना पसरणीचा घाट, ना आमच्या गल्लीतले खड्डे.

पण खरी गंमत पुढे आहे. हे मार्क सरकार देतच नाही. परीक्षेची रीत सरकारची, पेपर तपासतो कारखानदार, आणि निकालही तोच आपल्या टायरवर कोरतो. सरकार मध्येच एखादा पेपर काढून बघू शकते, एवढेच. मी एकतीस वर्षांत हजारो पेपर तपासले. मुलांनी आपापले तपासले असते तर माझे डोळे आणि शाळेचा निकाल, दोन्ही उत्तम राहिले असते. शिवाय तुलना करायची तर एकाच कंपनीच्या दोन टायरांची करावी. एकीचे चारशेवीस आणि दुसरीचे चारशे यांत काय फरक, ते त्या दोघीच जाणोत. हल्ली सातशे-आठशे मार्क मिळवणारे टायरही निघतात. गुणवत्ता यादीत साडेनव्याण्णव टक्के मिळवणारी पोरे बघून जे वाटते, तेच मला इथे वाटले.

१९८३ साली खुद्द अमेरिकन सरकारनेच झिजेचे मार्क स्थगित केले होते. कारण, मोजणीत फार कमीजास्त होते, आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. त्यावर ग्राहकांची संघटना कोर्टात गेली आणि १९८४ साली कोर्टाने स्थगिती उठवली. म्हणजे आकडा बरा नाही असे सरकार म्हणते, आणि नसण्यापेक्षा असलेला बरा असे गिऱ्हाईक म्हणते! मला दोघांचेही पटले.

उरलेली दोन अक्षरे. ट्रॅक्शन म्हणजे पकड: एए, ए, बी, सी. ओल्या डांबरावर आणि ओल्या काँक्रीटवर चाक जाम करून, सरळ रेषेत ओढून ती मोजतात. सरळ रेषेत! वळणाबद्दल हे अक्षर अवाक्षर काढत नाही. माझे जे काही झाले ते वळणावर. टेंपरेचर म्हणजे वेगात तापल्यावर टायर किती तग धरतो ते: ए, बी, सी. यात सी म्हणजे कायद्यापुरता पास. आणि बहुधा टिकाऊ रबर कडक असते, धरणारे रबर मऊ. शर्यतीचे टायर रस्त्याला जळूसारखे चिकटतात, पण झिजेत त्यांचे मार्क आमच्या वर्गातल्या शेवटच्या बाकासारखे असतात. ‘‘जास्त नंबर म्हणजे जास्त चांगला’’ हे दुकानदाराचे वाक्य म्हणजे ‘‘जास्त वर्षे राज्य केले तो चांगला राजा’’ म्हणण्यासारखे झाले. औरंगजेबाने एकोणपन्नास वर्षे केले.

आपल्याकडेही २०२२ साली रस्ते वाहतूक मंत्रालयाने तीन गोष्टींची किमान पातळी ठरवणारा नियम काढला: टायर गडगडायला किती सोपा, ओल्यात किती धरतो, आणि आवाज किती करतो. पहिली कसोटी वाचून मला डनलॉपचे अंगण आठवले. एकशे चौतीस वर्षांनी आपण पुन्हा त्याच फाटकापाशी आलो!

एवढ्या तयारीनिशी मी एका संध्याकाळी आमच्या कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे हवा भरायला गेलो आणि त्याच्यापुढे व्याख्यान सुरू केले. तो माझा जुना विद्यार्थी. नववीत इतिहासात नापास झाला होता. मी टायरच्या कडेवरचा मजकूर त्याला वाचून दाखवला. ‘‘१६५/८० आर १४ ८५ टी. १६५ मिलिमीटर रुंदी. कडेची उंची तिच्या ऐंशी टक्के. आर म्हणजे रेडियल, मिशलँनं १९४६ साली पेटंट घेतलं. चौदा इंची रिम. ८५ हा वजनाचा सांकेतिक आकडा, एका चाकावर ५१५ किलो. आणि टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंत चालेल.’’ एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच सुखाने नांदताना एकत्र कुटुंबातही दिसत नाहीत. वेगाच्या अक्षरांत तर एच हे अक्षर यू आणि व्ही यांच्या मध्ये बसते. टायरची बाराखडी टायरलाच ठाऊक.

त्याने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाला, ‘‘सर, हे सगळं बरोबर आहे. पण तारीख बघितलीत का?’’

‘‘कसली तारीख?’’

‘‘टायरची. सर, नववीत मी पानिपतची लढाई १८५७ साली झाली असं लिहिलं होतं. तुम्ही पेपरवर लाल शाईनं लिहिलंत: आधी सन बघ, मग गोष्ट सांग. अजून पाठ आहे बघा.’’

आणि तो चाकापाशी उकिडवा बसला, फडक्याने चिखल पुसला, आणि डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी असलेल्या चार बारीक आकड्यांवर बोट ठेवले. ३४१५.

‘‘चौतिसावा आठवडा, २०१५ साल. सर, टायर नऊ वर्षांचे झालेत. नक्षी कोरीय, पण रबर मेलंय. हे बघा.’’ त्याने नख रोवले. नख रुतले नाही. कडेवर बारीक बारीक भेगा होत्या, म्हाताऱ्या माणसाच्या टाचेला पडतात तशा. ‘‘गाडी उभी असली तरी रबर म्हातारं होतंच. ऊन, हवा, उष्णता. गाडी कमी वापरणाऱ्यांचंच असं होतं. नक्षी झिजत नाही, म्हणून ते बदलत नाहीत. नक्षीत त्या आडव्या बारीक पट्ट्या असतात ना, १.६ मिलिमीटरवर, त्या नक्षीच्या बरोबरीला आल्या की टायर संपला, हे सगळ्यांना माहीत असतं. म्हातारपणाला तशी पट्टी नसते. आकडाच वाचावा लागतो.’’

मी तसाच उभा राहिलो. पुष्कळ मोटार-कंपन्या सहा वर्षांनंतर टायर बदलायला सांगतात आणि दहाच्या पुढे तर टायर करणारेही नको म्हणतात, हे मी नंतर वाचले. पण त्या क्षणी मला आठवला तो घाट, तो ट्रक आणि ते एक मिनिट. एकतीस वर्षे मी पोरांना सनावळीसाठी छळले. ‘सनाशिवाय इतिहास म्हणजे गप्पा’ हे वाक्य मी फळ्यावर किती वेळा लिहिले असेल! आणि नऊ वर्षे माझ्या दारात एक दस्तऐवज उभा होता, त्यावर कारखान्याने प्रामाणिकपणे तारीख घातलेली होती, आणि मी लोकांना वाकवून वाकवून नक्षी दाखवत होतो. त्या दस्तऐवजावर आठ वर्षांची नात बसवली होती.

साऱ्या कडेवर स्तुती नसलेला मजकूर तेवढाच आहे. बाकी सगळे टायर काय करू शकेल ते सांगतात. हे चार आकडे तो कधी जन्मला ते सांगतात, आणि तेच सर्वांत बारीक अक्षरात. २००० सालाच्या आधी तर तीनच आकडे असत. म्हणजे १२८ लिहिलेला टायर बाराव्या आठवड्यातला, पण १९८८ चा की १९७८ चा, हे ज्याने त्याने ओळखावे. शकाचा पत्ता नसलेली मोडी पत्रे ज्यांनी लावली आहेत, त्यांना हे दुःख कळेल.

दुसऱ्या दिवशी मी त्या दुकानात परत गेलो. चारशेवीस पुन्हा गडगडत आला. मी गुडघ्यावर बसलो. एका बाजूला तारीख नव्हती. ती बहुधा एकाच बाजूला असते. उलटवायला लावला. टायर तीन वर्षांपूर्वीचा होता.

‘‘हा तर जुना आहे.’’

‘‘साहेब, टायर म्हणजे काय दूध आहे का?’’

उत्तर मला सुचले नाही. माझ्या विद्यार्थ्याला मागाहून सुचले. तो म्हणाला, ‘‘दूध नाही, पण लोणचंही नाही. नीट सावलीत ठेवलेला असेल तर एवढं बिघडत नाही, पण आपण नव्याचे पैसे देऊन जुना का घ्यायचा? आणि तुमचा टायर झिजून जाणार नाही सर, म्हातारा होऊन जाणार. तुम्हाला चारशेवीसचं काय करायचंय? तुम्ही ओल्यात धरणारा बघा.’’ याला म्हणतात निदान. त्यानेच फोन करून चार टायर मागवले. माप तेच, वजनाचा आकडा तोच, वेगाचे अक्षर तेच. झिजेचे मार्क तीनशे. वय सहा आठवडे. ‘‘दोनच घेतले असते तर कुठे लावायचे?’’ मी विचारले. ‘‘मागे,’’ तो म्हणाला. ‘‘सगळ्यांना वाटतं पुढे. पण पुढचं चाक घसरलं तर गाडी सरळ जाते, जरा सावरता येते. मागचं घसरलं की गाडी फिरते.’’ फिरते, हे मला सांगायची गरज नव्हती.

रविवारी सकाळी मी नातीला खाली बोलावले. हातात फडके दिले आणि ते चार आकडे शोधायला सांगितले. तिने चारी चाकांभोवती फिरून, फ्रॉक काळा करून, ते वहीत उतरवून घेतले. दोन चाकांचे आकडे आतल्या बाजूला होते, त्यासाठी ती पालथी पडली. मग बोटांवर हिशोब करून म्हणाली, ‘‘आजोबा, हे तर बाळ आहेत!’’ आणि दार उघडून मागच्या सीटवर जाऊन बसली. मी वर पाहिले. गॅलरीत सूनबाई उभ्या होत्या. त्या काही म्हणाल्या नाहीत, पण दोन मिनिटांत पर्स घेऊन खाली आल्या. इंजिनिअर मात्र म्हणाले, ‘‘मास्तर, नक्षी दाखवा की नवी!’’ मी त्यांना तारीख दाखवली. ते घाईने आपल्या गाडीकडे गेले, आणि बराच वेळ वाकलेलेच होते.

विद्यार्थ्याने मजुरी घेतली नाही. फार आग्रह केला तेव्हा म्हणाला, ‘‘सर, मजुरी नको. एकदा पानिपतची खरी तारीख सांगून टाका.’’

‘‘१४ जानेवारी १७६१.’’

त्याने थोडा विचार केला. ‘‘म्हणजे ०२६१,’’ तो म्हणाला.

शतकाचा उल्लेख राहिला होता. पण मी त्याला पास केले.